दुसऱ्या नौदलाची जुनी फ्रिगेट घेताना

प्रश्न अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी मशीनचं रेट्रोफिटिंग करणाऱ्या तरुणाचा आहे. तो विचारतो: ब्रिटन, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया असे देश पंधरा-वीस वर्षं वापरलेल्या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, विकतात आणि घेणारे देश त्यांच्यावर नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं चढवून आणखी वीस वर्षं चालवतात. यात खरं काम किती आणि रंगरंगोटी किती? आपलं नौदल अशा फ्रिगेट का घेत नाही? आणि या कामात आमच्यासारख्या नाशिकच्या लहान कारखान्याला शिरकाव आहे का?

तुमच्या धंद्यातलंच उदाहरण घेतो. जुनी जपानी मशीन आणता तेव्हा तुम्ही तिचा बेड आणि स्लाइड बघता. कंट्रोलर, ड्राइव्ह, मोटर हे सगळं नवीन टाकता येतं. बेडच गेला असेल तर मशीन भंगारात. फ्रिगेटचंही तेच. विकत घेता ते लोखंड, इंजिनं आणि आतली जागा. फरक एवढाच की तुमची मशीन जमिनीवर उभी असते आणि जहाज तरंगत असतं. त्यात वाढवलेल्या प्रत्येक किलोचा हिशोब पाणी मागतं.

मी मुंबईच्या नौदल गोदीत रिफिटच्या, म्हणजे जहाजांच्या मोठ्या दुरुस्तीच्या, कामात नोकरी केली, आता निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहतो. परदेशी जहाजांबद्दल लिहितोय ते प्रसिद्ध झालेल्या माहितीवरून. पत्रा, केबल आणि वजनाबद्दल लिहितोय ते हाताखालून गेलेल्या कामावरून. माझं मत आधीच सांगून टाकतो: जुनं जहाज घेण्यात काही कमीपणा नाही. पण ज्या दिवशी खरेदीची सही होते त्या दिवशी दुसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे नवी शस्त्रं आणि यंत्रं चढवण्याच्या, पैशांची सोय झालेली नसेल, तर घेऊ नये.

पत्र्यापासून सुरुवात करू. फ्रिगेटचा पत्रा लोकांना वाटतो तितका जाड नसतो. पुष्कळ ठिकाणी दहा मिलिमीटरच्याही आत. वेग हवा म्हणून तो मुद्दाम हलका ठेवलेला असतो, त्यामुळे गंजाला खायला फारसं शिल्लक नसतं. जहाज ड्राय डॉकमध्ये घेतलं की अल्ट्रासॉनिक गेज घेऊन माणसं तळापासून वरपर्यंत जाडी मोजत जातात. बाहेरची बाजू बहुतेक वेळा बरी निघते, कारण तिच्यावर रंगाचे थर असतात, झिंकचे अॅनोड असतात आणि सगळ्यांचं लक्षही तिथेच असतं. घात होतो तो आतून. इंजिनाच्या बैठकीखालचे बिल्ज (तळाचे पाणी साचणारे कप्पे), समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पेट्या, साखळीची खोली, गोड्या पाण्याच्या टाक्या. आणि सर्वांत फसवी जागा म्हणजे गॅली (स्वयंपाकघर) आणि न्हाणीघरांखालचा डेक. वर फरशीसारखं आवरण असतं, त्याखाली पाणी झिरपत राहतं आणि वर्षानुवर्षं कोणी उचकटून बघत नाही. विकणारा देश दाखवायला नेतो तेव्हा ऑपरेशन रूम दाखवतो. अनुभवी माणूस आधी बॅटरी मागतो आणि बिल्जमध्ये उतरतो.

जहाज कोणत्या अवस्थेत हाती येतं, यानेही मोठा फरक पडतो. चालू जहाज एका खलाशी तुकडीकडून दुसरीकडे सोपवलं, तर पंप फिरते असतात, व्हॉल्व्ह हलते असतात आणि जुने लोक नव्यांना खुब्या सांगून जातात. धक्क्याला बांधून ठेवलेलं जहाज म्हणजे सील सुकलेले, बेअरिंग चिकटलेले आणि माहीतगार माणसं पांगलेली. ब्रिटिश ‘एचएमएस लंडन’ १९९९ मध्ये सेवेतून निघाली आणि रोमानियाशी तिचा करार झाला २००३ मध्ये. मधली वर्षं जहाज नुसतं उभं होतं, आणि उभं जहाज चालत्या जहाजापेक्षा लवकर म्हातारं होतं.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो, म्हणजे वजन. कुठल्याही युद्धनौकेचं वजन वयाबरोबर वाढतं. रंगावर रंग चढतो, लहानसहान यंत्रं वाढतात, आणि जुनं उपकरण काढलं तरी त्याची केबल तशीच राहते, कारण बल्कहेडच्या, म्हणजे आडव्या भिंतीच्या, जलरोधक ग्लँडमधून (केबल जाण्याच्या बंदिस्त छिद्रातून) ती ओढून काढणं हे नवी टाकण्यापेक्षा किचकट. टोकं कापायची, टेप लावायची आणि सोडून द्यायची. वीस वर्षांत अशा मेलेल्या केबलींचं ओझं टनांत जातं, आणि त्यातलं बरंचसं वरच्या डेकांवर असतं. वजन वर गेलं की गुरुत्वमध्य वर जातो आणि जहाज एका बाजूला कललं की परत सरळ व्हायला आळस करतं.

म्हणून शहाणा खरेदीदार विकणाऱ्याच्या कागदावर विसंबत नाही, स्वतःच्या देखत कलचाचणी करून घेतो. शांत पाणी, दोर सैल, टाक्या एकतर तुडुंब किंवा पूर्ण रिकाम्या, आणि जहाजावरची माणसं जागच्या जागी. मग ठाऊक असलेली वजनं डेकवर डावीकडून उजवीकडे हलवायची आणि लांब लंबक किती सरकला ते मोजायचं. त्या दोन-चार तासांच्या मोजणीवरून ठरतं की या जहाजावर आणखी काय चढवता येईल. वजन वाढवायची मुभा आधीच संपलेली असेल, तर तळात बॅलास्ट, म्हणजे नुसतं भारासाठीचं वजन, भरावं लागतं. मग जहाज जड होतं, वेग घटतो, इंधन वाढतं.

वजनापाठोपाठ वीज आणि थंडावा. आजकालची सक्रिय अँटेनाची रडारं नुसती वीज खात नाहीत, त्यांना अखंड थंड पाणी लागतं. म्हणजे जनरेटर वाढवा, शीतकरण यंत्र वाढवा, त्यांना जागा शोधा, आणि तीही बहुधा कोणाच्या तरी बंकखाली. शिवाय वीज कुठल्या घराण्याची हाही प्रश्न असतोच. पाश्चात्त्य जहाजं साधारण ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतात आणि रशियन ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झवर. दोन्ही घराण्यांची सामग्री एका जहाजात आली की मध्ये कन्व्हर्टर आले, त्यांचं वजन आलं, त्यांची उष्णता आली. आपल्या ‘गोदावरी’ वर्गाच्या फ्रिगेटवर हा संसार मांडला गेला होता. ब्रिटिश लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटवरून वाढवलेला सांगाडा, सोव्हिएत क्षेपणास्त्रं, इटालियन संगणक प्रणाली आणि दोन सी किंग हेलिकॉप्टर. १९८३ मध्ये माझगाव डॉकमधून ती नौदलात आली. ते जहाज नवं होतं, जुनं विकत घेतलेलं नव्हतं, पण परक्या सामग्रीची मोट कशी बांधायची याची आपली शाळा तिथे भरली.

(नाशिककरांसाठी एक गंमत. त्याआधीचं ‘आयएनएस गोदावरी’ हे मात्र सेकंडहँड होतं. मूळचं ब्रिटिश ‘एचएमएस बेडेल’. दुसऱ्या महायुद्धात पोलिश नौदलाने ते ‘श्लॉन्झाक’ या नावाने चालवलं आणि १९५३ मध्ये ते आपल्याकडे आलं. तीन नौदलांची चाकरी करून त्र्यंबकच्या नदीचं नाव लावलेलं जहाज.)

वजन, वीज, थंडावा हे तिन्ही एकदम हलके करणारा बदल क्वचित मिळतो, आणि म्हणूनच चिलीच्या टाइप २३ फ्रिगेट अभ्यासण्यासारख्या आहेत. चिलीने २००५ मध्ये ब्रिटनकडून ‘नॉरफोक’, ‘ग्राफ्टन’ आणि ‘मार्लबरो’ अशा तीन फ्रिगेट १३.४ कोटी पौंडांना घेतल्या. २००६ ते २००८ मध्ये त्या ‘कोक्रेन’, ‘लिंच’ आणि ‘काँडेल’ झाल्या. सुरुवातीला त्या जवळपास होत्या तशाच चालवल्या. दहा-बारा वर्षांनी मोठं काम काढलं, तेही स्वतःच्या ताल्काउआनोच्या गोदीत: कॅनडाहून नवी युद्ध-व्यवस्थापन प्रणाली (रडार आणि शस्त्रं एकत्र जोडणारी संगणक प्रणाली), जर्मन सक्रिय अँटेनाचं रडार, आणि जुन्या सी वुल्फ या विमानविरोधी क्षेपणास्त्राच्या जागी सी सेप्टर.

यातला सी सेप्टरचा बदल का महत्त्वाचा, ते बघा. सी वुल्फ क्षेपणास्त्राला लक्ष्यापर्यंत हात धरून न्यावं लागायचं. त्यासाठी जहाजावर दोन जड मार्गदर्शक रडारं वर उंचावर बसवलेली असत, आणि एका वेळी किती लक्ष्यांशी लढता येईल हे त्या दोन रडारांवर ठरायचं. सी सेप्टरच्या नाकातच स्वतःचं रडार आहे. ते सुटलं की शेवटचं अंतर आपलं आपण कापतं. म्हणजे ती दोन रडारं उतरली, त्यांची वीज वाचली, त्यांचं थंड पाणी वाचलं आणि उंचावरचं वजन गेलं. वर मारा दहाएक किलोमीटरवरून पंचवीसच्या पुढे गेला. शिवाय ते नळीतून आधी हळूच वर फेकलं जातं आणि मग हवेत पेटतं, त्यामुळे डेकवर ज्वाळेचा मारा नाही. जुन्या जहाजाला मानवणारं आधुनिकीकरण असं असतं, घेताना जितकं चढवलं त्याहून जास्त उतरवणारं. आणि मूळ मालक ब्रिटनने स्वतःच्या टाइप २३ वर हाच बदल आधी केला होता, म्हणजे आराखडे आणि पहिल्या चुका दुसऱ्याच्या पदरच्या.

आता रोमानिया. २००३ मध्ये त्यांनी ‘कोव्हेंट्री’ आणि ‘लंडन’ या टाइप २२ फ्रिगेट मिळून ११.६ कोटी पौंडांना घेतल्या. २००४-०५ मध्ये त्या ‘रेजेले फर्दिनांद’ आणि ‘रेजिना मारिया’ म्हणून दाखल झाल्या. सी वुल्फ आणि जहाजविरोधी एक्झोसेट ही क्षेपणास्त्रं काढली होती. त्याऐवजी पुढे एक ७६ मिलिमीटरची तोफ आली. मूळच्या या जहाजांना मोठी तोफ नव्हतीच. सगळी भिस्त क्षेपणास्त्रांवर. ठरलं असं होतं की हा पहिला टप्पा, क्षेपणास्त्रं दुसऱ्या टप्प्यात येतील. तो टप्पा एका अर्थसंकल्पातून दुसऱ्यात ढकलला गेला आणि पुढची जवळजवळ दोन दशकं ही जहाजं तोफ, टॉर्पेडो आणि हेलिकॉप्टर एवढ्यावरच राहिली. त्यांचा उपयोग झाला नाही असं नाही. २०११ मध्ये लिबियाच्या शस्त्रबंदीवर नजर ठेवायला ‘रेजेले फर्दिनांद’ गेली, पुढे सोमालियाच्या समुद्रात चाच्यांविरुद्धही गेली. पण हवेतून आलेल्या क्षेपणास्त्रापुढे साडेचार-पाच हजार टनांचं ते जहाज गस्ती नौकेइतकंच उघडं. मूळ ब्रिटिश आराखड्यात या जहाजावर अडीचशेच्या वर माणसं लागायची, टाइप २३ वर १८५च्या आसपास. हा पगार आणि हे जेवण दर महिन्याला चालू राहतं, क्षेपणास्त्रं असोत वा नसोत.

दोन्ही देशांनी मालकही एकच गाठला आणि किंमतही जवळपास सारखीच मोजली. रोमानियाने विक्रीची पावती हीच योजना मानली. चिलीने पावतीला पहिला हप्ता मानलं. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नौदलात हे चूक नाही, नेहमीचं आहे. चूक होते ती बारा आण्यांची तरतूद न करता कोंबडी घरी आणण्यात.

अमेरिकन ‘पेरी’ वर्गाची गोष्ट वेगळ्या कारणाने सांगतो. एकूण ७१ बांधल्या गेल्या, आणि अमेरिकेने वापरून झालेल्या तुर्कस्तान, पोलंड, इजिप्त, बहारीन, पाकिस्तान अशा कितीतरी देशांना दिल्या. लोखंड चांगलं, इंजिनं भरवशाची. पण पुढे एकच हात असलेला क्षेपणास्त्र लाँचर आणि त्याचं एसएम-१ हे विमानविरोधी क्षेपणास्त्र. अमेरिकेने स्वतः एसएम-१ सोडून दिलं आणि २००० नंतरच्या काही वर्षांत आपल्या जहाजांवरून तो लाँचरच काढून टाकला. ज्यांच्याकडे ही जहाजं होती ते अनाथ शस्त्राचे पालक झाले. पाकिस्तानला २०१० मध्ये ‘मॅकइनर्नी’ मिळाली आणि ती ‘आलमगीर’ झाली, तेव्हा तो लाँचर आधीच उतरवलेला होता. तुर्कस्तानने वेगळा मार्ग धरला: स्वतःच्या देशात लिहिलेली ‘जेनेसिस’ ही युद्ध-व्यवस्थापन प्रणाली आठही जहाजांवर टाकली आणि चार जहाजांवर उभा लाँचर बसवून नवी क्षेपणास्त्रं आणली. सॉफ्टवेअर स्वतःचं असल्याने पुढच्या प्रत्येक बदलासाठी वॉशिंग्टनला अर्ज करायची वेळ कमी आली. तुमच्या भाषेत, कंट्रोलरचा पासवर्ड तुमच्याकडे हवा.

ऑस्ट्रेलियाने याच पेरींचं आधुनिकीकरण १९९९ मध्ये काढलं. जुन्या लाँचरच्या पुढे आठ नळ्यांचा उभा लाँचर बसवायचा, त्यात ३२ लहान क्षेपणास्त्रं, आणि जुन्या एकहाती लाँचरमधून एसएम-१ नंतरचं एसएम-२ डागायचं. काम कित्येक वर्षांनी लांबलं, खर्च फुगला आणि सहाची चार जहाजं करावी लागली. सर्वांत जुन्या दोन मध्येच निवृत्त केल्या. मग त्या चारांपैकी ‘मेलबर्न’ आणि ‘न्यूकॅसल’ २०२० मध्ये कोणी घेतल्या? चिलीने! डोकेदुखी, उशीर, सॉफ्टवेअरची भांडणं हे सगळं सिडनीत होऊन गेलेलं. तयार ताट चिलीच्या वाल्पाराइसो बंदरात. जुनं घ्यायचंच असेल तर आधीच्या मालकाने नुकताच खर्च केलेलं जहाज घ्यावं, हे त्यांना बरोबर कळलंय.

डच ‘कारेल दोरमन’ वर्गाबद्दल थोडक्यात. आठांपैकी सहा विकल्या गेल्या: चिली, बेल्जियम आणि पोर्तुगाल यांना दोन-दोन. नेदरलँड्सने दोन स्वतःकडे ठेवल्या, आणि हीच खरी मेख. मूळ मालक तेच जहाज वापरत असला तर सुटे भाग, आराखडे, प्रशिक्षण सगळं जिवंत राहतं. मालकाने सगळीच विकून टाकली की तुमचं जहाज पोरकं.

आता आपलं नौदल. सेकंडहँडचा आपल्याला तिटकारा मुळीच नाही. ‘विराट’ म्हणजे ब्रिटिश ‘हर्मीस’. १९५९ मध्ये ब्रिटिश सेवेत आली, १९८७ मध्ये आपल्याकडे, आणि २०१७ पर्यंत चालली. ‘जलाश्व’ म्हणजे १९७१ ची अमेरिकन ‘ट्रेंटन’, २००७ पासून आपली; करोनाच्या काळात मालदीवमधून आपली माणसं आणायला तीच गेली होती. यातली एकही फ्रिगेट नाही, हे लक्षात घ्या. विमानवाहू किंवा सैनिक उतरवणारं मोठं जहाज देशात बांधायला तेव्हा वेळ लागणार होता, म्हणून ती घेतली. फ्रिगेट मात्र १९७२ च्या ‘निलगिरी’पासून माझगावला बांधल्या जाताहेत, आणि कमी पडल्या तेव्हा रशियाकडून कोऱ्या बांधून घेतल्या. ज्याची बांधणी आपल्याला येते ते दुसऱ्याचं वापरलेलं घेण्यात पैसाही वाचत नाही आणि गोदीतले हातही बसून राहतात.

रशियाकडून घेतलेल्या जुन्या विमानवाहू ‘विक्रमादित्य’चा अनुभवही गाठीशी आहे. २००४ च्या करारात जहाजाच्या कामाचे ९७.४ कोटी डॉलर धरले होते आणि २००८ मध्ये ताबा मिळणार होता. अखेर आकडा सुमारे २३० कोटींवर गेला आणि ताबा मिळाला नोव्हेंबर २०१३ मध्ये. कारणं बघितली तर वर सांगितलेलीच. जहाज उघडल्यावर कळलं की केबली जवळपास नव्यानेच टाकाव्या लागणार, आणि त्याचा अंदाज कोणी नीट केलेला नव्हता. २०१२ च्या चाचण्यांत बॉयलर पूर्ण ताकदीवर गेले तेव्हा आतलं उष्णतारोधक अस्तर ढासळलं. अ‍ॅस्बेस्टॉस आपल्याला नको होतं आणि पर्यायी विटा टिकल्या नाहीत. हे कोणाच्या लबाडीने होतं असं मला वाटत नाही. पाहणी बंद जहाजाची होते आणि काम उघड्या जहाजाचं, मग दुसरं काय होणार?

आता तर आपण देणारे झालोय. २०२३ च्या जुलैमध्ये ‘कृपाण’ ही १९९१ ची कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान युद्धनौका) शस्त्रांसकट व्हिएतनामला कॅम रान्ह येथे सोपवली. व्हिएतनामच्या बाजूने विचार केला तर वर लिहिलेले सगळे प्रश्न आता त्यांचे आहेत, आणि सुट्या भागांसाठी त्यांचा फोन आपल्याकडे येणार.

इथून तुमच्या शेवटच्या प्रश्नावर येतो. जुन्या जहाजाला सर्वांत आधी जाणवते ती साध्या वस्तूंची टंचाई. रडार बंद पडलं तर कंपनीचा माणूस येतो; समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर, निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझचा व्हॉल्व्ह, फ्लेक्सिबल कपलिंग, केबल ग्लँड, हे बनवणारा मूळ कारखाना कधीच बंद झालेला असतो. नमुन्यावरून मोजमाप घेऊन पाच-दहा नग बनवणारा माणूस हवा असतो, आणि मोठ्या कंपनीला पाच नगांत रस नसतो. ओझरच्या एचएएलमुळे नाशिकच्या लहान कारखान्यांना विमानाच्या कामाची, म्हणजे प्रत्येक धातूचा दाखला आणि प्रत्येक मापाची नोंद ठेवण्याची, सवय आहे. नौदलाच्या कामात तीच शिस्त लागते. वर खाऱ्या पाण्यातला गंज आणि स्फोटाचा धक्का सोसण्याच्या अटी येतात. संरक्षण मंत्रालयाच्या ‘सृजन’ पोर्टलवर २०२० पासून देशात बनवून हव्या असलेल्या वस्तूंच्या याद्या टाकल्या जातात. त्यात गोदी आणि जहाजाचे भाग शोधा, आणि सुरुवात व्हॉल्व्ह-पंपाच्या भागांपासून करा. फिरत्या शाफ्टच्या किंवा दाबाखालच्या मोठ्या भागांना पहिल्या वर्षी हात लावू नका. ओतकाम बाहेरून करून घेणार असाल तर प्रत्येक वितळणीचा रासायनिक दाखला आणि चाचणीचा तुकडा त्याच दिवशी मागून घ्या. नंतर तो कोणी देत नाही, आणि तो नसेल तर गोदीच्या तपासणीत अख्खी खेप परत येते.